माहितीपट, मी आणि माझी 'मैत्रीण': वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात राहून वीसेक वर्षं माहितीपट करते आहे. मी लेस्बियन आहे, आणि माझ्या बऱ्याच फिल्म्स बायकांवर प्रेम करणाऱ्या बायकांबद्दल आहेत. स्क्रीनिंगनंतर, कॉलेजांतल्या कार्यशाळांत आणि रात्री साडेअकराला येणाऱ्या मेसेजमध्ये तेच तेच प्रश्न असतात. प्रत्येकाला वेगळं लिहून हात दुखायला लागले म्हणून हे. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवलेत. कायद्याबद्दल जे लिहिलंय ते काम करताना कळलेलं आहे. सही करण्याआधी वकिलाला विचारा.

१. तुम्ही नक्की काय बनवता? शॉर्ट फिल्म का?

नाही. शॉर्ट फिल्म म्हणजे लघुपट, आणि त्यात बहुतेकदा रचलेली गोष्ट आणि नट असतात. माझ्या फिल्ममधली माणसं खरी असतात आणि फिल्म संपल्यावर त्यांना आपल्या घरी परत जायचं असतं. पुढची बरीच उत्तरं याच एका गोष्टीभोवती फिरतात.

'माहितीपट' हा शब्द आता रुळलाय, पण त्यामुळे लोक माहिती घ्यायला येतात. "विषय चांगला आहे, आकडेवारी कमी वाटली," असं एका निवृत्त प्राध्यापकांनी मला चहाच्या कपाबरोबर सुनावलं होतं. मला 'अनुबोधपट' हा जुना शब्द आवडतो. पण तो उच्चारला की आमच्या आधीच्या पिढीला फिल्म्स डिव्हिजन आठवतं. १९४८ साली सुरू झालेली ही सरकारी संस्था. तिच्या फिल्म्स थिएटरात मुख्य सिनेमाच्या आधी सक्तीने दाखवल्या जायच्या आणि लोक तेवढ्या वेळात बाहेर वडा खाऊन यायचे.

२. एफटीआयआयमध्ये (पुण्यातल्या सरकारी फिल्म आणि टेलिव्हिजन संस्थेत) न शिकता हे जमतं का?

जमतं. मी दोनदा प्रवेश परीक्षा दिली आणि दोनदा नापास झाले. त्यामुळे तिथे शिकलेल्यांबद्दल माझ्या मनात आदर आणि किंचित जळफळाट, दोन्ही आहेत.

मात्र पुण्यात राहण्याचा फायदा झाला. लॉ कॉलेज रोडवर 'प्रभात'च्या स्टुडिओच्या जागेत १९६० साली ही संस्था सुरू झाली आणि १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आलं. संग्रहालयाच्या थिएटरात जे लागेल ते मी बघत गेले. ज्यांना वर्षानुवर्षं देता येत नाहीत त्यांनी संस्थेच्या टेलिव्हिजन विभागाचे कमी मुदतीचे अभ्यासक्रम, छोटे अभ्यासक्रम आणि फिल्म रसास्वादाचा कोर्स बघावा.

माझं खरं शिक्षण नारायण पेठेतल्या एका लग्नाच्या व्हिडिओवाल्याकडे झालं. आधी एडिटिंग, मग शूटिंग. मंगलाष्टकांच्या वेळी कॅमेरा नवरीवर असायला हवा. माझा कायम करवलीकडे जायचा. मालक ओरडायचा. पण कोण कोणाकडे बघतंय आणि कोण मुद्दाम बघत नाहीये, हे हेरायची सवय मला त्या मांडवांत लागली. पुढच्या सगळ्या कामाला तीच उपयोगी पडली.

३. पहिल्या फिल्मसाठी कोणता कॅमेरा घेऊ?

हातात फोन असेल तर कॅमेरा आहे. आधी चांगला कॉलर माइक आणि हेडफोन घ्या. अंधूक चित्र लोक सहन करतात, ऐकू न येणारं बोलणं नाही. साडीच्या पदरावर माइक लावलात तर सळसळ येईल. आत ब्लाउजला लावायला सांगा आणि तुम्ही तोंड फिरवा. पुण्यात मुलाखतीची सगळ्यात चांगली वेळ दुपारी एक ते चार. तेवढाच वेळ भोंगे कमी असतात.

४. यावर पोट भरतं का?

नुसत्या माहितीपटांवर माझं एकही वर्ष निघालेलं नाही. कंपन्यांच्या फिल्म्स, संस्थांच्या अहवालवजा फिल्म्स, दुसऱ्यांचं एडिटिंग आणि शिकवणं यावर घर चालतं. पहिली सहा वर्षं लग्नांच्या सीझनवर. माझ्यासारखी बाई दुसऱ्यांच्या लग्नांवर जगली, यावर आम्ही घरी पुरेसं हसून घेतलं आहे.

एक गोष्ट मी नुकसान सोसून शिकले. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार, कोणी मोबदला देऊन तुमच्याकडून फिल्म करून घेतली आणि करारात वेगळं काही लिहिलं नसेल, तर फिल्मचा पहिला मालक तो पैसे देणारा. एका संस्थेसाठी मी बायकांच्या बचत गटांवर फिल्म केली. त्यातल्या दोघींची एक गोष्ट मला पुढे वेगळी करायची होती. रशेस, म्हणजे शूट केलेलं सगळं कच्चं फुटेज, मागितल्या तर उत्तर आलं, "त्या आमच्या." कायद्याने बरोबर होतं. आता करारात पहिलं कलम रशेसचं असतं, पैशांचं दुसरं.

५. अनुदान कुठून मिळतं?

बंगळुरूच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्ससारख्या संस्था, गोव्याचा फिल्म बाजार, कोलकात्याचा डॉकएज आणि परदेशी महोत्सवांचे निधी, या ठिकाणी लोक प्रयत्न करतात. अर्ज लिहिणं हा स्वतंत्र धंदा आहे; तिसऱ्या वर्षी जमायला लागतं.

परदेशी पैसा येणार असेल तर आधी सीए. देणगी किंवा अनुदान म्हणून आलेली रक्कम २०१०च्या परदेशी योगदान कायद्याच्या कक्षेत येऊ शकते. केलेल्या कामाचं मानधन किंवा हक्कविक्रीचे पैसे ही वेगळी गोष्ट. खात्यात पैसे आल्यावर हा फरक शोधत बसू नका.

६. तुम्हाला 'लेस्बियन फिल्ममेकर' म्हटलेलं चालतं का, की नुसतं 'फिल्ममेकर' म्हणायचं?

कोण कशासाठी म्हणतंय त्यावर आहे. कार्यक्रमपत्रिकेत म्हटलेलं चालतं. त्या ओळीमुळे सभागृहात मागच्या रांगेत कोणीतरी एकटी येऊन बसते आणि दिवे लागायच्या आत निघून जाते. तिच्यासाठी ती ओळ हवी. पण मी मुठेच्या पुरावर फिल्म केली आणि तिच्या परिचयातही तेच छापलं, तेव्हा मी विचारलं, की पुराचा यात काय संबंध? संयोजक म्हणाले, "ओळख म्हणून." मग इतर तीन दिग्दर्शकांचीही अशी ओळख छापा म्हटलं. छापली नाही.

७. मराठीत यासाठी शब्द कोणता वापरायचा?

'समलिंगी स्त्री' बरोबर आहे, पण अर्जासारखा वाटतो. तरुण मुली सरळ 'लेस्बियन' किंवा 'क्वीअर' म्हणतात. मी ज्यांच्याबरोबर शूट करते त्या गावांकडच्या बायका यांतला एकही शब्द वापरत नाहीत. "आमचं दोघींचं आहे," म्हणतात. सबटायटल्स करताना या वाक्यात काय 'आहे' ते मला अजून इंग्रजीत आणता आलेलं नाही.

'मैत्रीण' हा शब्द आमच्या कामाचा, आणि अडचणीचाही. मी आणि माझी जोडीदारीण कोथरूडमध्ये घर भाड्याने घेताना "आम्ही दोघी मैत्रिणी" म्हणालो आणि घरमालकीणबाईंनी त्याच दिवशी किल्ली दिली, वर "मुलांना नाही देत हो आम्ही" असंही सांगितलं. त्या शब्दात आम्ही अकरा वर्षं राहिलो. पण कॅमेऱ्यासमोर एखादी "ती माझी मैत्रीण" म्हणते तेव्हा तिला काय म्हणायचंय ते मी विचारत नाही. शब्दाची दारं उघडायची की नाही, ते तिचं तिने ठरवावं.

८. मराठीत हे तुमच्याआधी कोणी केलं होतं का?

नाटक-सिनेमात हा विषय होता. विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' १९८१ सालचं. जब्बार पटेलांच्या 'उंबरठा'त (१९८२) महिलाश्रमातल्या दोघींचा प्रसंग आहे. ही सगळी रचलेली पात्रं होती. माहितीपटांचा विचार केला तर कोलकात्याच्या देबलीना मजुमदार यांनी २०१३ मध्ये नंदीग्रामकडच्या दोन मुलींच्या आत्महत्येवर केलेली फिल्म माझ्यासाठी महत्त्वाची. मुंबईत १९९५ साली 'स्त्री संगम' नावाने सुरू झालेला आणि आता लेबिया म्हणून ओळखला जाणारा गट नसता, तर मला बोलायला माणसंही मिळाली नसती. 'लेस्बियन' हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तो १९९८ साली, दोन बायकांच्या प्रेमावरच्या 'फायर' सिनेमावरून झालेल्या थिएटरांच्या मोडतोडीच्या बातमीत. काचा आधी, शब्द नंतर.

९. इतक्या खाजगी गोष्टी बोलायला लोक तयार कसे होतात? संमती कशी घेता?

एकदा घेत नाही. तीनदा घेते.

पहिली, कॅमेरा न नेता. दोन-तीन भेटी नुसत्या चहाच्या. दुसरी, रफ कट (फिल्मची पहिली कच्ची जुळणी) झाल्यावर: तिला एडिटच्या खोलीत बसवून सगळं दाखवते. मोठ्या पडद्यावर नाही, कारण पडद्यावर माणूस स्वतःला भुलतो. एडिटच्या छोट्या मॉनिटरवर तिला आपली चूक आधी दिसते. तिसरी, प्रत्येक नव्या ठिकाणी दाखवण्याआधी. माझ्या संमतीपत्रात वेगवेगळे चौकोन आहेत: परदेशी महोत्सव, मुंबई, पुणे, तिचा स्वतःचा जिल्हा, टीव्ही, इंटरनेट. पत्र मराठीत, एक पान, मोठा टाइप. बहुतेक जणी "अमेरिकेत कुठेही दाखवा, सांगलीत नको" या धर्तीचं उत्तर देतात. त्यात काही विसंगत नाही. अमेरिकेत त्यांची आत्या राहत नाही. म्हणून इंटरनेटचा चौकोन आम्ही सगळ्यात शेवटी, सगळ्यात हळू भरतो. तिथे सांगली आणि अमेरिका एकच.

चेहरा लपवायचा म्हणजे काय, हे शिकायला मला तीन फिल्म्स लागल्या. चेहऱ्यावर धूसर ठिपका टाकला की बाई गुन्हेगार दिसते. खिडकीपाशी काळी आकृती बसवली की क्राइम शो होतो. हात दाखवले तर बांगड्या ओळखल्या जातात. आवाज तर आई फोनच्या पहिल्या श्वासावरून ओळखते. मग आम्ही बोलणं उतरवून दुसऱ्या बाईकडून वाचून घेतलं आणि तसं पडद्यावर सांगितलं. पण शिराळ्याकडची भाषा एरंडवण्यातल्या तोंडात मेली. शेवटी तिच्याच भागातली, पण नात्यागोत्यातली नसलेली वाचणारी सापडली. त्यात चार महिने गेले.

आणि सगळं करूनही एकदा चुकलंच असतं. चेहरा नाही, आवाज नाही, घराचा बाहेरचा शॉट नाही. फायनल एक्सपोर्टच्या दिवशी माझ्या जोडीदारणीला, तीच माझ्या फिल्म्सची एडिटर, मागच्या भिंतीवर पतसंस्थेचं कॅलेंडर दिसलं. गावाचं नाव तालुक्यासकट. तेव्हापासून शूटला गेल्यावर मी आधी भिंती बघते: कॅलेंडर, सत्काराच्या ट्रॉफ्या, गणपती मंडळाची फ्रेम. मग खिडकीतून दिसणारी पाण्याची टाकी आणि दारातल्या स्कूटरची नंबर प्लेट.

१०. फिल्म पूर्ण झाल्यावर कोणी 'मला काढा' म्हणालं तर?

कागदावर सही असते, तेव्हा कायदा बहुधा माझ्या बाजूने असेल. मी तरी काढते. एका फिल्ममधून अकरा मिनिटं काढली, महोत्सवात निवड झाल्यानंतर. तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरत होतं. फिल्म लंगडी झाली आणि एका समीक्षकाने नेमकं तिथेच बोट ठेवलं. मी उत्तर दिलं नाही.

अपवाद दोन. एक, ती बाई म्हणजेच फिल्म असेल तर काढायला काही उरत नाही. तशी एक फिल्म सात वर्षं डिस्कवर पडून आहे. दर दिवाळीला मी फराळाबरोबर एकदा विचारते. दुसरा, 'मला काढा' म्हणणारा माणूस सत्तेच्या जागी असेल तर. मुलींना 'बरं करून' देण्याचे पैसे घेणाऱ्या एका गृहस्थांनी मुलाखत दिली, नंतर नोटीस पाठवली. ते फिल्ममध्ये आहेत. संमती ही घाबरलेल्या माणसाची ढाल आहे. त्यांना कोणाची भीती होती?

११. तुमच्या घरचे तुमच्या फिल्ममध्ये का नाहीत?

दिल्लीच्या निशित सरन यांनी १९९९ मध्ये कॅमेरा चालू ठेवून आईला सांगितलं होतं. मला ते धाडसाचं वाटलं, आणि आपल्याला जमणार नाही हेही त्याच क्षणी कळलं. माझ्या आईला मी स्वयंपाकघरात सांगितलं. ती पोळ्या करत होती. तव्यावरची पोळी करपली, तिने ती स्वतःच्या ताटात घेतली. शॉट म्हणून उत्तम होता. प्रश्न ९ मधला पहिला नियम तिलाही लागू होतो, आणि तिने कधी होकार दिला नाही.

१२. ३७७ गेल्यावर काम सोपं झालं का?

समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या या कलमातून सुटका करणाऱ्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर लोक फोन उचलायला लागले, हे खरं. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम परत लागू केलं तेव्हा दोन मुलाखती एका आठवड्यात रद्द झाल्या होत्या. आता तर जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी आलेल्या न्याय संहितेत त्या कलमाला जागाच नाही.

पण मी ज्यांच्याबरोबर काम करते त्या बायकांना ३७७ने क्वचितच पकडलं. त्यांना पकडलं ते घरच्यांनी पोलिसात दिलेल्या 'मुलगी बेपत्ता' आणि 'फूस लावून पळवली' अशा तक्रारींनी. ते अजून चालू आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये लग्नाचा हक्क न्यायालयाने मान्य केला नाही. त्याचा फिल्मच्या धंद्याशी काय संबंध, ते प्रश्न १७ मध्ये.

१३. सेन्सॉर सर्टिफिकेट लागतं का?

सार्वजनिक प्रदर्शनाला लागतं, फिल्म पाच मिनिटांचा माहितीपट असली तरी. पुणेकरांना मुंबईचं कार्यालय. २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूए (मुलांनी मोठ्यांच्या देखरेखीखाली बघायच्या) वर्गात ७+, १३+ आणि १६+ अशा पायऱ्या आल्या. बोर्डाचा निर्णय पटला नाही तर पूर्वी अपील न्यायाधिकरण होतं; ते २०२१ मध्ये रद्द झालं, आता थेट उच्च न्यायालय. पन्नास मिनिटांच्या फिल्मसाठी उच्च न्यायालयात जाण्याइतके पैसे माझ्याकडे असते तर मी आणखी एक फिल्म केली असती.

महोत्सवांना केंद्र सरकारकडून सूट मिळू शकते. अर्ज आयोजकांनी करायचा असतो. यावरून वादही झालेत. २००४ च्या मुंबई माहितीपट महोत्सवासाठी भारतीय फिल्म्सना प्रमाणपत्राची अट आली, तेव्हा माहितीपटवाल्यांनी 'विकल्प' नावाने समांतर महोत्सव भरवला. ऑनलाइन टाकायला बोर्डाचं प्रमाणपत्र लागत नाही, तिथे २०२१ चे आयटी नियम आहेत.

१४. मग सरळ यूट्यूबवर का टाकत नाही? पुण्यात कुठे बघायला मिळेल?

पहिलं कारण प्रश्न ९ मधला शेवटचा चौकोन. दुसरं, एकदा नेटवर आलेली फिल्म बरेच महोत्सव घेत नाहीत. मुंबईत २०१० पासून 'कशिश' हा एलजीबीटी चित्रपट महोत्सव आहे. पुण्यात संस्था, ग्रंथालयं आणि लोकांच्या दिवाणखान्यांत दाखवते. पस्तीस खुर्च्या, एक प्रोजेक्टर, फोन दाराशी जमा.

पुरस्कार विकणारे महोत्सव ओळखा: प्रवेश फी डॉलरमध्ये, विभाग पन्नास आणि प्रत्यक्ष प्रदर्शन कुठेच नाही.

१५. आमच्या कॉलेजात दाखवायची आहे, पण विषय जरा सौम्य करून सांगता येईल का?

'स्त्रियांच्या मैत्रीवरील माहितीपट' असा फलक एका कॉलेजाने लावला होता. सभागृह भरलं, कोणी उठून गेलं नाही, आणि प्राचार्यांनी आभार मानताना 'आगळावेगळा' हा शब्द चार वेळा वापरला. तरीही आता मी नाही म्हणते. फलक बघून जिने यायला हवं तिला तो कळत नाही.

१६. मी पुरुष आहे / मी लेस्बियन नाही. मी या विषयावर फिल्म करू का?

करा. फक्त कॅमेऱ्यामागे कोण कोण असेल ते आधी सांगा आणि ती 'नको' म्हणाली तर कारण विचारू नका. पुण्यातल्या पहिल्या प्राइड वॉकला, २०११ साली, मी स्वतः कॅमेरा पिशवीतून तासभर बाहेर काढला नव्हता. मी 'आतली' असूनही.

१६ अ. मी लेस्बियन आहे, पण घरी माहीत नाही. नाव न देता फिल्म करता येईल?

श्रेयनामावलीत टोपणनाव चालतं. पण प्रमाणपत्राचा अर्ज, करार, पॅन आणि बँक खातं या ठिकाणी खरं नाव लागतं, म्हणून विश्वासातल्या कोणाला तरी निर्माती करा आणि तिच्याशी लेखी करार करा. प्रश्न ४ मधली मालकीची भानगड इथे दुप्पट होते. पुरस्कार मिळाला तर स्टेजवर कोण जाणार, हेही आधी ठरवा. आमच्या एका विद्यार्थिनीच्या घरी बातमी पोहोचली ती फोटोतल्या कुर्त्यामुळे.

१७. तुमच्यानंतर या सगळ्या फुटेजचं काय?

हा प्रश्न फक्त दोघींनी विचारला. दोघी माझ्या फिल्ममध्ये होत्या.

फिल्मचा कॉपीराइट प्रकाशनानंतर साठ वर्षं असतो, म्हणजे माझ्यापेक्षा जास्त जगणार. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्यानुसार माझं सगळं आईकडे जाईल, ती नसेल तर पुढे भावाकडे. जी बाई वीस वर्षं ते फुटेज सांभाळते, तिचा त्यात कुठेच नंबर नाही. कायद्याच्या लेखी ती 'मैत्रीण'. माझा भाऊ वाईट नाही. पण त्याच्या हातात एकशे चाळीस टेपा आणि बावीस डिस्का येतील, ज्यांत न लपवलेले चेहरे आहेत, आणि त्याला वाटेल हे कुठल्यातरी चॅनेलला देऊन बहिणीचं नाव करावं.

म्हणून मृत्युपत्र केलं. दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही, तरी आम्ही केली. फिल्म्सचे हक्क, रशेस आणि संमतीपत्रांची फाइल तिच्या नावे. सोबत माझ्या हातची यादी: कोणती टेप कोणाला विचारून द्यायची, कोणती संग्रहालयात गेली तरी चालेल. नऊ टेपांपुढे 'न पाहता पुसणे' लिहिलंय.